शुक्रवारचा वाद

ऐरोलीत, सेक्टर आठच्या नाक्यावर,
अण्णाच्या डोशाच्या गाडीमागे
आम्ही चौघं दर शुक्रवारी भांडायचो.
विंडोज की लिनक्स. मढवीची केबल की कंपनीचं फायबर.
बॅटरी न निघणारा फोन घेणं
म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दुकानदाराला देणं,
असं हेरंब चष्मा पुसत सांगायचा,
आणि चटणी सांडायची त्याच्याच कीबोर्डवर.

लॅपटॉप जुना, दोनदा डाग दिलेला,
बिजागरीला एम-सील.
पण आत सगळं एन्क्रिप्टेड.
"पासवर्ड गेला ना, तर ब्रह्मदेवाच्या बापालाही उघडणार नाही."
मी म्हणायचो, तुझ्याकडे आहे काय चोरण्यासारखं?
तो म्हणायचा, प्रश्नच चुकलाय तुझा.

काल त्याची बहीण आली, वृषाली,
कापडी पिशवीतून तो लॅपटॉप घेऊन.
आईचे फोटो हवेत म्हणाली. गेल्या दिवाळीचे.
विम्याचा कागदही असेल कदाचित.

सुब्बूने पेनड्राइव्ह लावला. काढला.
मढवी, ज्याला हेरंबने कायम चोरच म्हटलं,
नवाकोरा राउटर घेऊन धावत आला.
त्याचा काय उपयोग, कुणीच विचारलं नाही.
मांजराचं नाव टाकून पाहिलं,
पहिल्या मोडेमचा नंबर,
मग तिचंच नाव, तिच्यासमोर.
कर्सर लुकलुकत राहिला.

दहा वाजता अण्णाने तव्यावर पाणी ओतलं.
हेरंब, तुझंच बरोबर होतं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणतोय,
उलट बोल की.