शीव

कात्रजच्या बोगद्यावरून उजाडता निघालो,
पाचव्या टेकडीला मोजणी चुकली.
यशोधन म्हणाला, सहावी. असेल.
भूमापन खात्यात बत्तीस वर्षं साखळी ओढली मी,
आणि टेकड्या मोजता येईनात.

गवत वाळून कमरेइतकं,
सगळं एकाच अंगाला कललेलं,
आणि कुसळं: मोज्यात, विजारीत,
थैलीच्या बंदातसुद्धा.
पायवाट वीतभर, तीही गुरांनी पाडलेली.

उजवीकडं पुणं, धुरकट, त्यापलीकडं
खडकवासल्याची पातळ पट्टी.
डावीकडं शिवगंगेचं खोरं,
टोलनाक्यावर मुंग्यांची रांग.

गवत कापणारी बाई विळा थांबवून म्हणाली,
"काय हरिवलंय का?"
दगड, म्हणणार होतो.
अठ्ठ्याऐंशी साली इथंच कुठंतरी रोवलेला,
दोन गावांच्या शिवेचा.
म्हटलं, "काही नाही. चालतोय नुसता."
"मग खालनं रस्ता हाय की."

ती गेल्यावर बाटली तिरकी केली
अगदी धारेवर.
थोडं पाणी मुठेच्या अंगाला सरकलं,
थोडं नीरेच्या वाटेला लागलं,
बाकीचं मातीनं जागीच पिऊन टाकलं.
दोन्ही शेवटी भीमेलाच मिळतात,
हे यशोधनला मीच दाखवलं होतं
जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून,
तो चौथीत होता, वरणाचा डाग पडला होता
पंढरपूरच्या जरा खाली.

"बाबा, पाणी काय सांडताय?
अजून सात आहेत."

गुडघा म्हणतो, आठ.