शेरा

पंचायत समितीतून हेल्मेट आलं एक, पिवळं,
सोबत पत्र: वापर करतानाचे फोटो तीन दिवसांत पाठवा.
आमचे कर्मचारी पाच.
भिंतीपाशी एकेकाला उभं करून मी मोबाइल धरला.
आधी उरकुडा नेवारे, टाकीवाला,
मग नालीवरचे दोघे भाऊ,
मग दिवाबत्तीचा श्रावण उईके,
शेवटी झाडूवाली देवकाबाई. अंबाडा सोडून बसवलं,
तरी भुवयांवर आलंच.
पाच फोटो गेले. वरून एक अंगठा आला.
हेल्मेट कपाटात, किल्ली ग्रामसेवकाच्या खिशात,
आणि ग्रामसेवकाकडं आणखी तीन गावं.

शाळेमागच्या टाकीची बारावी पायरी
तीन उन्हाळ्यांपूर्वी गंजून पडली.
उरकुडा नव्या पोराला शिकवायचा,
"अकरावर थांबाचं, दम घ्याचा, मंग एकदम तेरा."
जणू शिड्या अशाच असतात.
दोन्ही हात शिडीला, म्हणून ब्लिचिंगची पिशवी दातात.
उतरायचा तेव्हा मिशी पांढरी, डोळे लाल.
चष्म्यासाठी मी टिपणी ठेवली होती.
शेरा आला: नियमानुसार कार्यवाही करावी.
मी ती फायलीला लावली.
हीच कार्यवाही, असं तेव्हा वाटलं.

मे महिना. सकाळचे साडेसहा, आणि लोखंड आधीच तापलेलं.
आधी एक चप्पल पडली,
मग दुसरी,
मग तो.
टाच फुटली, मनगट गेलं. जीव राहिला,
कारण खाली घरकुलाच्या वाळूचा ढीग होता.
तो उचला म्हणून नोटीस मीच काढली होती.

अपघात अहवाल, रकाना नऊ:
सुरक्षा साधने वापरली होती काय?
फोटोत तर होती.
रकाना दहा: निष्काळजीपणा कोणाचा?
"उरकुडाचंच लिहा मॅडम," ग्रामसेवक हळूच म्हणाले,
"आपल्याले अजून नोकरी कराची हाय."
पंख्यानं कागद उडत होता. मी त्यावर पेपरवेट ठेवला
आणि लिहिलं:
पायरी क्रमांक बारा, तीन वर्षांपासून नाही.
हेल्मेट एक, माणसं पाच. फोटो मी काढले.

मग सुतळी घेतली, शिडीला पुठ्ठा बांधला,
"चढू नये", खाली माझी सही, तारीख, शिक्का.
शिक्का मारायचा अधिकार मला नाही.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी गुंड घेऊन बायका दारात,
सरपंच फोनवर, फोन माझ्या कानात.
देवकाबाई झाडूसकट शिडीपाशी बसली होती.
"पाणी पाह्यजे तं चढा न कोणी," म्हणाली,
"अकरावर दम घ्या, मंग सांगा मले."
कुणी चढलं नाही. हसू मात्र एकीला आलं,
मग दुसरीला.
गुंड पाटलाच्या विहिरीकडं वळले.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून वेल्डर आला.
मान वळवून, एक डोळा मिटून ठिणगी पाडायला लागला.
काच नाही आणली?
"सवय हाय ताई."
परत पाठवला त्याला, काच आणायला.
गाव आणखी अर्धा दिवस तहानलं,
आणि त्या अर्ध्या दिवसात
मला जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या बारा वर्षांच्या नोकरीत नाही.

संध्याकाळी उरकुड्याच्या घरी गेले.
प्लास्टरवर नातवानं खडूनं बैल काढलेला.
"बारा बसली काय?"
बसली.
"वाजवून पाह्यली?"
पाहिली.
तो बराच वेळ छताच्या कवेलूंकडं बघत राहिला.
"मंग पोट्ट्याले सांगा, आता मोजू नोको म्हणा."

सकाळी पोरगा आला. हेल्मेट आता खिळ्याला आहे,
किल्ली लागत नाही.
पिशवी पाठीला बांधून दिली, डोळ्यांवर चष्मा दिला,
माझ्या पगारातला, साठ रुपयांचा.
पहिल्या पायरीवर त्याचा पाय पडला
तेव्हा उरकुड्याचा निरोप मी उलटा सांगितला:
मोज.
रोज मोज.
मोठ्यानं.