आकडा

संत्र्याच्या पैशावर उभी राहिलेली आळी,
एका ओळीत सहा बंगले,
आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या फटीत
दातात अडकलेल्या सालीसारखं
उकंडराव खेरड्यांचं कवेलूचं घर.

मी मीटर वाचतो. कंत्राटी.
सात तारखेला मोबाइल उंच धरून फोटो काढतो,
या आळीतली कुत्री मला नावानिशी ठाऊक आहेत,
माणसं युनिटांवरून.
भुयारांकडे चारशे ऐंशी.
ठोंबऱ्यांकडे सहाशे बारा; त्यांच्या गेटवर दोन सिंह,
एकाचा कान पोरांनी चेंडूनं उडवलाय.
खेरड्यांकडे एकोणचाळीस.

चाळीस एकर बाग. हंगामात रोज दोन ट्रक.
एकोणचाळीस.

कटिंगच्या दुकानात सगळ्यांना सगळं माहीत असतं.
"बुढा काडी चिरून दोनदा वापरते."
"गादीत नोटा भरल्या हायेत, म्हनून खाटेवर झोपते."
"नागपूरले दुसरं घर हाय ना बे, तिथं एसी."
आणि घरी माय, भाकरी मोडता मोडता,
"मोठ्याईचं असंच रायते बाबू,
पैसा हाय, पन जिवाले सुख नाही."
ठेचा तोंडी लावावा तसं
हे वाक्य ती रोज तोंडी लावायची.
कोरडी भाकर त्यानं खाली उतरायची.

मला मात्र वेगळंच वाटलं.
इतक्या पैशेवाल्याचा इतका लहान आकडा,
म्हणजे नक्की आकडा.
रात्री तारेवर टाकत असणार, पहाटे काढत असणार.
मी ऑफिसात चिठ्ठी दिली.
नाव लिहिलं नाही, पण अक्षर माझंच होतं.

पथकाची जीप आली भर दुपारी.
बंगल्यांच्या गॅलऱ्या भरल्या, जशा वरातीला भरतात.
उकंडरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली,
"पाहून घ्या बावा. नीट पाहा."
शिडी लागली. वायर मोजली. माळ्यावर टॉर्च फिरला.
चार बल्ब, त्यातला एक गेलेला.
एक टेबलफॅन, जाळीला सुतळी.
माठावर ओला कपडा.
देवाजवळ लाल झिरोचा दिवा, दिवसा बंद.
सील शाबूत.
मीटरचा ठिपका लुकलुकत होता सावकाश,
कुठं जायची घाई नसल्यासारखा.

तुळसाबाईंनी चहा आणला.
अर्धा अर्धा कप, साखर नावापुरती.
कंजूषपणा की डायबेटिस, कळलं नाही.
साहेबांनी कप ठेवला, राहवलं नाही त्यांना,
"एवढी बाग तुमची काका, मंग हे असं काऊन?"
म्हातारा खरंच गोंधळला.
इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
"असं म्हंजे कसं?"

जीप गेली. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या, जराशा नाराज.

तो देवमाणूस आहे असं मी म्हणत नाही.
माझी मावशी त्याच्याकडे निंदायला जायची,
तासभर उशिरा गेली तर अर्धा रोज कापला त्यानं,
आणि कापताना चेहरा असाच होता म्हणे,
असं म्हंजे कसं.

पुढच्या सात तारखेला
मीटरखाली एक स्टूल ठेवलेलं.
माझ्यासाठी, की जाळी काढताना राहिलेलं,
विचारलं नाही.
चढलो. फोटो काढला. बेचाळीस.
पाहुणे आले असतील.

घरी आमचं एकशे अठ्ठेचाळीस.
कूलर, टीव्ही, आणि हप्त्यावरचा फ्रीज,
त्यात पाण्याच्या पाच बाटल्या अन् कोथिंबीर.
त्या पथकाच्या रात्री माय वाटच पाहत होती,
ताट वाढायच्या आधीच तिनं विचारलं,
"सापडला काय रे आकडा?"
"सापडला."
"किती?"
"एकोणचाळीस. खरा."
ती थांबली. भाकर हातात तशीच.
खूप वेळ कूलरचाच आवाज.
मग म्हणाली,
"मंग बिमार असन."