करकर

कोल्हापुरी पायताण बोलतं.
तळाच्या दोन पदरांत विंचू बसवायचा,
विंचू म्हणजे एक सुकं बी.
गिऱ्हाईक आधी चार पावलं चालून बघतं,
करकरलं तरच खिशात हात घालतं.
गल्लीच्या तोंडाला माणूस वळला
की घरात चहाचं आधण पडतं.

आमच्या घरात मात्र माघातल्या सात रात्रींसाठी
मुकं पायताण बनायचं.

नाट्योत्सव किती जुना, यावर कमिटीत भांडण आहे.
स्मरणिका ब्याऐंशी म्हणते,
माझी ट्रंक म्हणते चार वर्षं जास्त.
ट्रंकेत पायांचे कागद आहेत.

पहिले कागद टपालानं आले.
राजाचं काम करणारे विष्णुपंत
स्वतःच पाय आखून पाठवायचे.
टाचेशी रेघ थरथरलेली,
वाकून आपलाच पाय आखणं सोपं नसतं.
आज्याला आत बोलावणं नव्हतं.
मागच्या दाराशी गाठोडं ठेवून
तो पडद्यामागचं नाटक ऐकत उभा राहायचा
आणि सकाळी निरोप धाडायचा,
"राजा डावा पाय चोरतोय. अंगठा सैल करून देतो."

सोळाव्या का सतराव्या साली
दिगंबर हुपरीकर घरी आले,
दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत.
नायिकेचं काम करायचे,
दंडावर तालमीची माती वाळलेली.
कागदावर पाय ठेवला, म्हणाले,
"यल्लाप्पा, रेघ तुम्हीच काढा."
पेन्सिल बोटांच्या बेचक्यांतून फिरली.
त्या कागदावर चहाचा गोल डाग आहे.
आजी सांगायची, कप आमचा होता.

मग पाय लहान झाले.
इंदू आजरेकरच्या कागदावर आबांचं अक्षर:
"सातवा महिना. सूज आहे. वादी ढिली."
तिच्या मुलीचा कागद त्याच गठ्ठ्यात, वीस वर्षं खाली.
विदूषकाचे दोन्ही पाय डावे वाटतात,
तो कागदावरसुद्धा गप्प उभा राहिला नसणार.

पुराच्या साली जयंती नाला उलटा फिरला,
ट्रंक दोन दिवस पाण्यात.
कागद दोरीवर वाळत घातले,
शाई पसरली,
सगळ्यांचे पाय बोटभर वाढले.
त्या साली उत्सव लग्नाच्या हॉलमध्ये झाला,
मागं थर्माकोलचा मोर तसाच.

नांदीला सगळे अनवाणी असतात.
तेवढा वेळ विंगेत बारा जोड ओळीनं,
रंगमंचाकडं तोंड करून, रिकामे.
त्यांच्यापाशी आधी आज्या बसला, मग आबा,
आता मी बसते, मांडीवर आरी आणि मेण,
कुणाचं कान तुटलं तर.

गेल्या माघात नवा दिग्दर्शक म्हणाला,
राजा नगर सोडतो तिथं ऑर्गन नको, तबला नको,
फक्त चाल हवी.
आबा म्हणाले, "चाल दिसायची असते."
आणि रापीला धार लावत बसले.
मी रात्री राजाच्या उजव्या तळाची शिवण उसवली.
एकच बी बसवलं. डावा मुकाच ठेवला.

सातवी रात्र. दिवे उतरले.
राजा पाठमोरा चालू लागला.
कर्र. मग काही नाही. कर्र. मग काही नाही.
आणि थिएटरभर माना वळल्या,
रंगमंचाकडं नव्हे, मागच्या दाराकडं,
जसं कुणी घरी येतंय.
तिसऱ्या रांगेतली म्हातारी स्पष्ट बोलली,
"आलं वाटतं."

आबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.
पाचव्या दिवशी बिल लिहायला बसले.
बारा जोड, एकच भाव.
विंचवाचे पैसे धरले नाहीत.