पुरुषाची पावलं

बुधवारी दुपारी दोनला फ्लीटवुडच्या मेथडिस्ट हॉलमध्ये
सिरिल प्लम्प्टन लाकडी जमिनीवर खडूची पूड भुरभुरतो,
माइक दोनदा ठोकतो, म्हणतो,
"वॉल्ट्झ. सोळा खण. बायकांनी उजव्या पायानं."
आणि बावीस जोड्या एकदम निघतात.

लेस्ली याला मेंढरांची कवायत म्हणायचा.
बाहेरून, खिडकीतून बघून.
आत कधी आला नाही.

तो नाचायचा मोकळा. शनिवारी रात्री, धक्क्यावरच्या हॉलमध्ये,
मासळी कापणारे हात लिंबानं तीनदा धुऊन,
तरी पेरांत हॅडॉकचा वास उरायचाच.
पुढचं पाऊल कुठलं ते मलाही ठाऊक नसतं, म्हणायचा.
मला तर नसायचंच.
मला ठाऊक फक्त त्याचा तळहात,
डाव्या खवाट्याखाली:
किंचित दाबला की मागे,
सैल पडला की थांब,
करंगळी हलली की गिरकी.
एक्केचाळीस वर्षं मी डोळे मिटून उलटी चालले
आणि कशावरही आदळले नाही.

तो गेला तेव्हा कळलं, मला नाचता येत नाही.

म्यूरियल म्हणाली, बुधवारी ये की.
तिथं कुणी कुणाला न्यायचं नसतं.
कुठं जायचं ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

गॅसच्या बिलाच्या पाकिटामागे लिहून घेतलं.
पाऊल, बाजूला, जवळ. पाऊल, बाजूला, जवळ.
मग वळण. मग हात सोडून दोन खण एकटीनं.
मग पुन्हा धरणं.
ओट्याची कड धरून, किटली उकळेपर्यंत,
नळाशी डावीकडे, फ्रिजशी उजवीकडे.
मांजर उठून दाराशी जाऊन बसलं.

पहिला महिनाभर माझं पाऊल वाकडं पडायचं
(त्र्याहत्तराव्या वर्षी, म्हणजे बोला).
चुकलं की आख्खं वर्तुळ अंगावर चालून यायचं
आगबोटीसारखं,
आणि आयव्ही स्ट्रिंगर जाता जाता कोपरानं मला जागेवर लावायची.
रागानं नाही. फळीवरची बशी सरळ करावी तशी.
पुढच्या फेरीत तीच चूक पुन्हा करायची सोय होती.
मोकळ्या नाचात ती नसते,
तिथं गेलेलं पाऊल गेलं.

इथं पुरुष सात, बायका सदतीस.
म्हणून नाताळनंतर सिरिलनं मला पुरुषाची पावलं दिली,
आणि बाहीला बांधायला निळी फीत.
सगळं उलटं. डाव्यानं सुरुवात. पुढे बघत.
इतक्या वर्षांत मी नाचताना
पुढचं कधी पाहिलंच नव्हतं.

परवा शेवटी त्यानं एक मोकळा फॉक्सट्रॉट लावला.
"ज्याला जसं सुचेल तसं."
सगळे उभे राहिले,
शाळा सुटल्यावर ज्यांना न्यायला कुणी आलं नाही
अशा पोरांसारखे.
मी म्यूरियलच्या खवाट्याखाली तळहात ठेवला.
सुचलं काहीच नाही.
हातच निघाला.
स्टेजच्या कोपऱ्यात करंगळी हलली,
चहाच्या टेबलापाशी तळवा सैल पडला,
रेडिएटरकडे वळताना मी पल्ला लहान केला,
तिला जरा उचलूनच घेतलं,
डाव्या गुडघ्यावर भार नको म्हणून.

म्यूरियलचे गुडघे ठणठणीत आहेत.
डावा गुडघा माझा,
लग्नाआधी सायकलवरून पडले तेव्हापासून.

म्हणजे दर शनिवारी.
त्याच कोपऱ्यात, तेच वळण, तेवढंच लहान.
मोकळा म्हणे!
पाठ होतं रे तुला सगळं,
पाकिटामागे लिहिलं नव्हतंस, एवढंच.

"आता कुठं?" म्यूरियलनं विचारलं.
तिचे डोळे टक्क उघडे. तिला उलटं चालायची भीती वाटते.
खिडकीपर्यंत, म्हटलं. मग वळू.
बाहेर वारा सुटला होता,
काचेवर वाळू मारत होता, बेतालच,
आणि आम्ही तिथवर पोचायच्या आत
रेकॉर्ड संपली.