असील

देरा, सोनेबाजारामागचा बोळ.
मूस लाल होईतो बोलायला वेळ असतो.

राजधातू का म्हणतात, शाळेत विचारलं होतं.
सर म्हणाले, तो कुणात मिसळत नाही.
आमच्या गावातही तसली चार घरं होती.

मुबारक, सलालाचा, आधी घोड्यांकडं होता.
शेखाच्या घोडीच्या सात पिढ्या घडाघडा सांगतो,
आई, आजी, पणजी.
असील, म्हणतो.
आमच्यात हे कोंबड्याला म्हणतात, मी म्हणालो.
हसला. खुबूस मोडला,
मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला.

तुझा आजा? विचारून गेलो.
बंदरावर विकत घेतलेला, म्हणाला.
त्याच्या मागचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

चिमट्यात मूस हलली.
त्यानं आधी माझा हात मागं ओढला,
मग सोनं सावरलं.