पपईचा देठ

माती रुद्राप्पा कुंभारानं दिली,
मलप्रभेकाठची, दोन पोती, उधारीवर.
"कसलं देऊळ करताय बाई?"
समुद्रापलीकडचं, मी म्हटलं. माया लोकांचं.
"मायेचं?" तो हसला.
"मग भाजू नका. टिकणार न्हाईच."

खानापूरच्या आमच्या शाळेमागं
दिवाळीतला किल्ला अजून उभा होता,
बुरूज खचलेले, अळीव वाळून गेलेला.
पोरं म्हणाली, पाडू या.
नको, मी म्हटलं, तिकडची रीत वेगळी.
जुनं देऊळ पुष्कळदा पाडत नसत,
त्याच्याच अंगावर नवं चढवत.
नवा राजा, नवं कवच, कांद्यासारखं,
आणि आतलं आत, अंधारात,
रंगासकट शाबूत.

"आतल्या राजाला कळायचं काय,
वर दुसरं बसलंय म्हणून?"
कस्तुरी घाडीनं विचारलं.
पुस्तकात हे नव्हतं.

किल्ल्यावर माती थापली. टप्पे नऊ,
कारण पाताळाचे थर नऊ.
पायऱ्या इतक्या उभ्या
की चढणाऱ्यानं वाकावंच,
आणि राजा खाली येताना
माणसांना वाटावं, आभाळातनंच आला.
देऊळ म्हणजे डोंगर. दार म्हणजे डोंगराचा जबडा.
आत गुहा, गुहेत पूर्वज.
राणी जिभेतून काट्यांची दोरी ओढायची,
हे सांगताना मी फळ्याकडंच बघत होते.
रक्त कागदावर, कागद आगीत,
धुरात मेलेला आजा दिसायचा.
"आमच्यात अंगात येतंय तसं," मागच्या बाकावरून.
"तसं न्हवं रे." मग मारामारी.

एका देवळात राजा सगळ्यात खाली निजलाय,
तोंडावर हिरव्या दगडाचा मुखवटा.
त्याच्या पेटीपासून वर देवळापर्यंत
जिन्याकडेनं एक पोकळ नळी नेलीय.
त्यानं बोलावं म्हणून की आपण ऐकावं म्हणून,
नक्की सांगता येत नाही.
आम्ही पपईचा देठ घातला.

राजा कोण? किल्ल्यातला एक मावळा
आतच राहिला होता, भाला मोडका.
त्यालाच बढती दिली.
कस्तुरीनं बांगडीची हिरवी काच
त्याच्या तोंडावर डिंकानं बसवली.

सहलीत हलशीला पाहिलेलं आठवलं मला,
दोन गाभारे समोरासमोर,
देव देवाकडं बघतोय, मध्ये आपण उभे,
आणि शिळेवर जुनी अक्षरं.
मला लागली नाहीत, कानडीचे मास्तरही अडखळले.
देवाला नाव कोरायची गरज नसते,
ती राजाला असते. एवढंच तेव्हा सुचलं.

प्रदर्शनाला बैलहोंगलहून हिरेमठ साहेब आले.
वाकून म्हणाले, "ओळगे यारू?"
आत कोण?
पोरं माझ्याकडं, मी शाळेच्या बोर्डाकडं,
ज्यावर रंगाचे तीन हात आहेत
आणि उन्हं तिरकी झाली
की खालची अक्षरं फुगून वर येतात.
"राजा," कस्तुरी म्हणाली.
हा एक शब्द बरा आहे. कुठल्याच बाजूला अडत नाही.

साहेबांनी चष्मा काढला,
गुडघे टेकले, देठाला कान लावला.
बराच वेळ.
"एन केळस्तैती सर?" कस्तुरी, बाजारातल्या कानडीत.
साहेब, मोडक्या मराठीत,
"बोलतंय. पण लई हळू."

पहिला नंबर सौरचुलीला गेला.

मार्चात ऊन वाढलं, टप्प्यांना भेगा पडल्या,
एका भेगेतून किल्ल्याचा चुना दिसतो.
रुद्राप्पा पैशाला आला, बघून गेला, काही बोलला नाही.
कस्तुरी विचारते, पुढल्या वर्षी ह्याच्यावर काय?

देठ सुकून करंगळीएवढा झालाय.
त्यातून मुंग्या खाली जातात, वर येतात,
एकेक,
तोंडात काहीतरी धरून.